आवाज घरीच ठरवा

लोकलमध्ये गाणं ऐकताना आवाज किती ठेवायचा हे तुम्ही ठरवत नाही, गाडी ठरवते. घरातून निघताना सातव्या टप्प्यावर असलेला आवाज रिक्षात नवावर जातो, फलाटावर घोषणा सुरू झाली की दहावर, आणि गाडीनं वेग घेतला, शेजारच्या रुळावरून दुसरी जलद गाडी धडधडत गेली की बारा-तेरावर. प्रत्येक वेळी बटण एकदाच दाबलं जातं. गाणं तुम्हाला घरी ऐकू येत होतं तितकंच ऐकू येत असतं, त्यामुळे फार वाढवलंय असं वाटतच नाही. उतरून शांत गल्लीत शिरल्यावर तेच गाणं अंगावर येतं आणि हात आपोआप बटणाकडे जातो. तोवर तास-सव्वा तास उलटलेला असतो.

हेडफोनमुळे कानाला होणाऱ्या इजेबद्दलचे सल्ले बहुतेक वेळा ‘हेडफोन वापरू नका’ किंवा ‘आवाज कमी ठेवा’ इथेच संपतात. पहिला कुणी पाळत नाही. दुसरा पाळायची इच्छा असली तरी कमी म्हणजे किती हे कळत नाही, कारण गोंगाटात कानाचा अंदाज चुकतो. म्हणून या लेखाचं सांगणं एवढंच आहे: आवाजाची वरची हद्द घरी, शांत खोलीत बसून ठरवा. बाहेर पडल्यावर ती ओलांडावीशी वाटली तर आवाज वाढवायच्या आधी बाहेरचा गोंगाट कानात शिरतोय तो अडवा.

हिशोब आठवड्याचा असतो

कानावर परिणाम होतो तो आवाज किती मोठा आणि किती वेळ, या दोन्हींचा मिळून. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी फोन आणि म्युझिक प्लेअरसाठी एक मानक तयार केलं आहे. त्यात मोठ्या माणसांसाठी मर्यादा दिली आहे ती ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल, तास तेवढेच. डेसिबलची मोजपट्टी फसवी असते. आवाज ३ डेसिबलनं वाढला की कानात शिरणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्म्यावर आणावा लागतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ला १०, ८९ला ५, ९२ला अडीच तास, ९५ला सव्वा तास. १०१ डेसिबलला जेमतेम १९ मिनिटं, आणि तीही आख्ख्या आठवड्याची. गोम अशी की ३ डेसिबलचा फरक आपल्याला धड जाणवतसुद्धा नाही. ऊर्जा दहापट झाली तेव्हा कुठे कान म्हणतो, आवाज दुप्पट झाला.

आता डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रोज जाणाऱ्या कुणाचाही हिशोब मांडून पाहा. जाऊन-येऊन अडीच तास धरले आणि आठवड्याचे सहा दिवस, तर १५ तास झाले. एवढा वेळ ऐकायचं असेल तर आवाज ८४ डेसिबलच्या आसपास थांबायला हवा, आणि मग आठवडाभर दुसरं काहीच ऐकायचं नाही: ना जिममध्ये, ना ऑफिसच्या मीटिंगा, ना रात्रीची वेब सिरीज. त्याऐवजी गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज ९२वर नेला, तर सोमवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आठवड्याचा कोटा संपलेला असतो. मंगळवार ते शनिवार सगळं उधारीवर.

एका आठवड्याच्या उधारीनं कुणी बहिरं होत नाही. पाच-सात वर्षांच्या उधारीनं काय होतं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी कानात थोडं डोकवावं लागेल.

नुकसान नेमकं कुठे होतं

आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे पंधरा-सोळा हजार पेशी रांगेनं मांडलेल्या असतात. आवाजाच्या कंपनांचं विजेच्या संदेशात रूपांतर करण्याचं काम या पेशींचं. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, तीक्ष्ण आवाज टिपतात, आत टोकाकडच्या पेशी खर्जातले. ही विभागणी उलगडणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या किंवा इतर पक्ष्यांच्या कानात त्या नव्यानं तयार होतात. आपण सस्तन प्राणी, आपल्याला ती सोय नाही.

मोठ्या आवाजानं सगळ्या पेशी सारख्या झिजत नाहीत. बाहेरच्या कानापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते, एका टोकाला बंद. बासरी जशी आपल्या लांबीनुसार ठरावीक सूर उचलून धरते, तशी ही नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपसूक मोठे करते. इजा त्याच्या किंचित वरच्या पट्टीत दिसते, म्हणजे ३००० ते ६००० हर्ट्झमध्ये, आणि सर्वांत जास्त ४००० हर्ट्झच्या आसपास. वर्षानुवर्षं कारखान्यात काम केलेल्यांच्या कानाच्या तपासणीच्या तक्त्यावर या पट्टीत रेघेचा जो खड्डा दिसतो, तोच हेडफोनवाल्यांच्या तपासणीत दिसतो. आवाज यंत्राचा होता की गाण्याचा, हे पेशीला कळत नाही. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या कानांच्या तक्रारीचं खापर कर्कश मैफलींवर न फोडता स्टुडिओत हेडफोन लावून केलेल्या कामावर फोडलं होतं. रंगमंचावरच्या त्यांच्या बँडचा दणका ज्यांनी ऐकला असेल त्यांना हे पटायला जड जाईल, पण तास मोजले तर त्यात नवल वाटू नये.

४००० हर्ट्झला खड्डा पडला म्हणून रोजच्या जगण्यात काय बिघडतं? सुरुवातीला काहीच नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ठणठणीत ऐकू येतात. ‘स’ची सारी ताकद वरच्या पट्टीत असते, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची ओळखही तिथल्याच कुजबुजीवर अवलंबून. ती कुजबुज हरवली की भाजीवाला ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’, ‘सात’ म्हणाला की ‘हात’, हे गोंगाटात कळेनासं होतं. शांत खोलीत समोरासमोर बोलताना अडचण येत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात, चारजण एकदम बोलायला लागले की गाडी अडते. ‘ऐकू येतं हो, पण कळत नाही’ ही तक्रार कानाच्या डॉक्टरांना पाठ असते. घरातली माणसं म्हणतात लक्ष नसतं, आपल्याला वाटतं समोरचा पुटपुटतोय. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात, आणि अशी चार-पाच वर्षं सहज निघून जातात.

त्याआधीची एक खूण मात्र लवकर भेटते. हेडफोन काढल्यावर कानाला दडा बसल्यासारखं वाटणं, किंवा बारीक ‘कुईऽऽ’ असा आवाज येत राहणं. सकाळपर्यंत तो जातो आणि आपण विसरतो. पूर्वी असं मानत की ऐकू येणं पूर्ववत झालं म्हणजे कानही पूर्ववत झाला. २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात वेगळंच दिसलं: तपासणीत श्रवण पूर्ववत आलं, पेशीही शाबूत होत्या, पण पेशी आणि श्रवणाची नस यांना जोडणारे सांधे मोठ्या संख्येनं कायमचे तुटले होते. उंदरांवरचं निरीक्षण माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही. तरी दडा सुटला म्हणजे हिशोब मिटला, असं आता कुणी जाणकार म्हणणार नाही. महिन्यातून दोन-तीनदा दडा बसत असेल तर तुमची सध्याची हद्द चुकलेली आहे, एवढा अर्थ त्यातून नक्की काढा.

हद्द कशी ठरवायची

रात्री घर निजल्यावर, पंखा आणि टीव्ही बंद करून बसा. नेहमी ऐकता ते एखादं गाणं लावा, शक्यतो शब्द असलेलं. आवाज शून्यावर आणा आणि तिथून एकेक टप्पा वाढवत जा. शब्द स्पष्ट कळायला लागले आणि ऐकताना ताण पडेनासा झाला की थांबा. तो टप्पा कोणता ते पाहून ठेवा. वरून खाली येत ठरवू नका. मोठ्या आवाजाची सवय झालेला कान वरच कुठेतरी समाधान मानतो. मिळालेल्या टप्प्यात दोन मिळवा, ही तुमची बाहेरची हद्द. जागतिक आरोग्य संघटना कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांच्या आत राहायला सांगते. बहुतेक फोनवर पंधरा-सोळा टप्पे असतात, म्हणजे नऊच्या वर जाऊ नये. दोन मिळवून आलेला आकडा यापेक्षा खाली असेल तर तोच पाळा.

टक्क्यांवर आंधळेपणानं विसंबू नका, कारण तेच ६० टक्के वेगवेगळ्या हेडफोनवर वेगवेगळे डेसिबल देतात. कानाच्या नळीत बसणारा लहानसा बड तेवढ्याच टप्प्यावर डोक्यावरच्या हेडफोनपेक्षा बराच मोठा आवाज पोचवू शकतो. नवे बड्स घेतले की हा प्रयोग पुन्हा करायचा. काही ब्लूटूथ हेडफोनना स्वतःचा वेगळा आवाज असतो, फोनचा वेगळा, दोन्हींकडे पाहा. बडजवळ फोनचा माइक धरून ॲपवर डेसिबल मोजण्याचा उद्योग काहीजण करतात, तो निरुपयोगी आहे. बंद कानात तयार होणारा दाब उघड्यावर मोजता येत नाही.

फोनच्या आतच थोडी मदत असते. आयफोनवर सेटिंगमध्ये ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’मध्ये ‘हेडफोन सेफ्टी’ आहे. तिथे मोठा आवाज आपोआप कापण्याची मर्यादा ७५ ते १०० डेसिबलमध्ये कुठेही ठेवता येते. ८०वर ठेवा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. पहिले दोन दिवस गाणी मिळमिळीत वाटतात, मग सवय होते. कंट्रोल सेंटरमध्ये कानाचं चिन्ह घेतलं तर चालू गाण्याचा आवाज किती डेसिबल आहे तेही दिसतं. दुसऱ्या कंपनीचे हेडफोन असतील तर तो आकडा अंदाजाचा समजा. सॅमसंगच्या फोनवर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिट’ असते आणि तिला पिन लावता येतो. मुलांच्या फोनसाठी हे कामाचं आहे. आणि आवाज वाढवताना फोन जो इशारा दाखवतो, तो न वाचता ‘ओके’ करण्याची सवय सोडायला हवी.

गाण्यांच्या ॲपमध्येही एक जागा बघण्यासारखी असते. स्पॉटिफायमध्ये सगळ्या गाण्यांची पातळी एकसारखी ठेवायची सोय आहे, ती चालू ठेवा आणि ‘लाउड’वर असेल तर ‘नॉर्मल’वर आणा. नाहीतर जुनं गाणं हळू येतं म्हणून आपण आवाज वाढवतो आणि पुढचं नवं गाणं कानावर आदळतं. बेस वाढवणारी सेटिंगं बंदच बरी. जाता जाता एक: बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना आवाज वाढवून शब्द स्पष्ट होत नाहीत. त्या काळच्या यंत्रांनी वरच्या पट्टीतलं फारसं टिपलेलंच नाही, वाढते ती फक्त खरखर. ती घरी, स्पीकरवर ऐकण्याची चीज आहे.

गोंगाट अडवण्याची खटपट

हद्द ठरवली, पण गाडीत त्या हद्दीत काही ऐकूच येत नाही, मग काय? इथे बहुतेकजण हार मानतात, आणि इथेच थोडी खटपट करण्याजोगी आहे.

सर्वांत स्वस्त उपाय बड्सच्या खोक्यातच पडून असतो. कानात बसणाऱ्या बड्सबरोबर सिलिकॉनच्या टोप्यांचे दोन-तीन आकार मिळतात. बहुतेकजण लावून आलेली मधली टोपी कधी बदलत नाहीत. टोपी कानात नीट बसली नाही की फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो, वर गाण्यातला खर्ज बाहेर निसटतो. गाणं पोकळ वाटतं आणि हात बटणाकडे जातो. तीनही आकार लावून पाहा. ज्या टोपीनं तबल्याचा बायाँ भरीव ऐकू येतो आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो, ती बरोबर. दोन कानांना दोन वेगळे आकार लागणंही अगदी नेहमीचं आहे. फोमच्या टोप्या वेगळ्या विकत मिळतात, त्या गोंगाट आणखी अडवतात. नुसत्या कानाच्या कडेवर टेकणाऱ्या, रबर नसलेल्या बड्सना ही सोय नाही; असे बड्स घालून लोकलमध्ये कमी आवाजात ऐकणं जवळपास अशक्य आहे. ज्यांचा रोजचा प्रवास गोंगाटातला आहे त्यांनी ते घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत कितीही असो.

नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन पैसे खर्चून घेण्यासारखे आहेत. गाडीचा घरघराट, एसी, विमानाचं इंजिन असे खालच्या पट्टीतले सतत चालणारे आवाज ते चांगले कापतात. फेरीवाल्याची हाक, भोंगा, शेजारच्या मोबाइलवरचे रील यांच्यापुढे त्यांचं फारसं चालत नाही. घेतल्यानंतर पहिलं काम म्हणजे आवाजाची नवी, खालची हद्द ठरवणं. गोंगाट कापून घेतला आणि गाणं पूर्वीच्याच टप्प्यावर ठेवलं, तर खर्च फक्त सुखासाठी झाला. रूळ किंवा रस्ता ओलांडताना मात्र कान मोकळे हवेत, त्यावर तडजोड नाही. गालाच्या हाडावर बसणारे हेडफोन ‘कानाला सुरक्षित’ म्हणून विकले जातात. ते पडद्याला वळसा घालतात हे खरं, पण कंपनं शेवटी पोचतात त्याच शंखात, त्याच पेशींवर. त्यात कान उघडा असल्यानं गोंगाटात आवाज वाढवावाच लागतो. पहाटे टेकडीवर पळायला जाणाऱ्यांना ते उत्तम. लोकलसाठी नाहीत.

आणखी एक युक्ती फुकटची आहे. काय ऐकायचं ते जागेप्रमाणे ठरवा. पॉडकास्ट, व्याख्यान, ऑडिओबुक यांत प्रत्येक शब्द कळायला लागतो, म्हणून गर्दीत त्यांचाच आवाज सर्वांत वर जातो. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं अर्धंमुर्धं कानावर पडलं तरी उरलेलं मन भरून काढतं. गाडीत ओळखीची गाणी, शब्दांचं सारं घरी किंवा बागेत. फोनवर बोलायचं असेल तर गाडीतून उतरल्यावर बोला. मोटरमनच्या डब्यालगत उभं राहून ‘हॅलो, हॅलो’ करत कमाल आवाजात घेतलेल्या कॉलमधून कामाचं काही निष्पन्न झालेलं मी पाहिलेलं नाही.

मध्ये सुट्टी द्यायला विसरू नका. तासाभरानं दहा मिनिटं कान मोकळे सोडले तरी थकलेल्या पेशींना सावरायला वाव मिळतो. आणि कानाला एकच खातं असतं. गणपतीत ढोलपथकात वाजवणाऱ्यानं किंवा डीजेच्या भिंतीसमोर मिरवणुकीत चाललेल्यानं पुढचे दोन दिवस हेडफोनला हात लावू नये. पथकात वाजवताना कानात कापसाचा बोळा घालतात, त्यानं फारसा आवाज अडत नाही. फोमचे इअरप्लग लागतात. औषधाच्या दुकानात किंवा कारखान्यांना सुरक्षेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात ते अगदी स्वस्तात मिळतात. बोटांनी पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. बाहेर अर्धा लोंबणारा प्लग म्हणजे न घातल्यासारखाच.

मुलं

मुलांच्या हेडफोनच्या खोक्यावर ‘कमाल ८५ डेसिबल’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि पालक निश्चिंत होतात. हा ८५चा आकडा कारखान्यांतून आला आहे. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेनं १९९८ साली कामगारांसाठी दिवसाला ८ तास, ८५ डेसिबल ही शिफारस पुन्हा मांडली, तेव्हा तिनेच हेही नोंदवलं की चाळीस वर्षं अशा आवाजात काम केलं तर शंभरातल्या सुमारे आठ कामगारांची श्रवणशक्ती तरीही बिघडेल. नऊ वर्षांच्या मुलीसाठी ही हद्द कशी चालेल? तिच्यासाठी ७५. खोक्यावरचं वाचून सोडून देऊ नका. हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावून कमाल आवाज ऐका. तुम्हाला मोठा वाटला तर तिच्यासाठी मोठाच आहे.

ऑनलाइन शिकवणी हेडफोनशिवाय, खोलीतल्या स्पीकरवर होत असेल तर तशीच होऊ द्या. बीजीएमआयसारख्या मोबाइलवरच्या खेळात पावलांचा बारीक आवाज ऐकू यावा म्हणून मुलं आवाज चढवतात आणि त्यातच मध्ये गोळीबार होतो. खेळाच्या सेटिंगमध्ये वेगवेगळ्या आवाजांचे टप्पे असतात. मुलाला बरोबर घेऊन ते लावता येतात. हिसकावून घेतलेला हेडफोन पांघरुणाखाली परत येतो, हे घरोघरी माहीत आहे. रात्री गाणी लावूनच झोप लागत असेल तर ॲपमधला स्लीप टायमर वीस मिनिटांवर ठेवा. हे मोठ्यांनाही लागू.

पावसाळ्यात लहानांना आणि मोठ्यांनाही बड्सचा वेगळाच ताप. ओल्या, घामट कानात तासन्‌तास रबर ठासून ठेवलं की बुरशीला हवं ते सगळं मिळतं. आधी खाज, मग दुखणं, दडा. टोप्या काढून पुसून कोरड्या ठेवा, दुसऱ्याचे बड्स घालू नका, कापूस लावलेल्या काड्यांनी कान कोरू नका. कोमट तेल घालणं तर या दिवसांत मुद्दाम टाळा. आवाजानं झालेल्या इजेवरही तेलाचा काही उपयोग नाही. ते जातं पडद्यापर्यंत आणि दुखणं असतं त्याच्या पलीकडे.

तपासणी

२०२४च्या जूनमध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला अचानक ऐकू येईनासं झाल्याचं जाहीर केलं आणि चाहत्यांना मोठ्या आवाजापासून, हेडफोनपासून जपायला सांगितलं. बऱ्याचजणांनी त्याचा अर्थ असा लावला की हेडफोननं असं एका रात्रीत होतं. त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण विषाणूच्या हल्ल्यानंतर नसेला झालेल्या इजेचं होतं. हा फरक समजून घ्यायला हवा, कारण दोन्हींत करायचं ते वेगळं आहे. हेडफोनची इजा सावकाश होते, सहसा दोन्ही कानांत, वरच्या पट्टीत. एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं, सकाळी उठल्यावर फोन त्या कानाला लावून काही कळेना, तर ‘मळ असेल’ म्हणत आठवडा घालवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. यात स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका उपयोगी पडतो; दोन आठवडे उलटले की आशा झपाट्यानं कमी होते.

सावकाश होणाऱ्या इजेसाठी ऑडिओमेट्री नावाची साधी तपासणी असते. सुई नाही, दुखत नाही. आवाज न येणाऱ्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय असते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. जाण्याआधी निदान चौदा तास कान शांत हवेत: आदल्या रात्री मैफल नको, येताना गाडीत हेडफोन नको. नाहीतर तात्पुरता दडा कायमच्या खात्यात नोंदला जातो. नेहमीच्या तपासणीत कधीकधी २०००वरून थेट ४०००, तिथून ८००० हर्ट्झ अशी उडी मारतात. ‘हेडफोन खूप वापरतो, ३००० आणि ६०००ही बघा’ असं ऑडिओलॉजिस्टना आधीच सांगा.

हातात मिळणाऱ्या तक्त्यावर उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. डावीकडून उजवीकडे सूर बारीक होत जातो. रेघ जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं. वयामुळे ऐकू कमी येत असेल तर रेघ उजवीकडे उतरतच जाते. आवाजाच्या इजेत ती ४०००ला खाली जाऊन ८०००ला पुन्हा वर येते. तो खड्डा दिसला तर भरून काढणारं औषध नाही, आणि ‘नस मोकळी करतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-थेंबांवर पैसे घालवू नयेत. खड्डा तिथेच थांबवणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. कानातली शिट्टी थांबत नसेल तर तीही डॉक्टरांना सांगा. झोपताना पंख्याची किंवा पावसाची मंद आवाजफीत लावून आणि समुपदेशनानं ती पुष्कळांना सुसह्य होते. एकाच कानात शिट्टी असेल, किंवा चक्कर येत असेल, तर आवर्जून दाखवा. त्याची कारणं वेगळी असू शकतात.

पहिली तपासणी तक्रार नसताना करून घ्यावी, अठरा-वीसच्या वयात. पुढे काही बिघडलं तर तुलनेला तोच कागद लागतो. दहावीच्या गुणपत्रिकेच्या फाइलमध्ये तो ठेवून द्या, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा, आणि रोज दोन तासांहून जास्त हेडफोन कानात असतील तर दोन वर्षांनी पुन्हा जा. जाताना जुना तक्ता बरोबर असू द्या, ऑडिओलॉजिस्ट आधी तोच मागतील.